माराकानाचा निकाल आणि झूरिकचे दफ्तर

सन २०१७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २७ तारखेस, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या निमित्ताने कलकत्त्यात भरलेल्या फिफाच्या परिषदेने असा ठराव केला की, १९६० पासून २००४ पर्यंत युरोप आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या क्लबांत जो आंतरखंडीय चषक खेळला गेला, त्याचे सर्व विजेते यापुढे क्लब फुटबॉलचे जगज्जेते म्हणून अधिकृतपणे ओळखले जावेत. नवी मुंबई आणि मडगाव येथले सामने नुकतेच आटोपले होते, दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यास इंग्लंड आणि स्पेन यांची अंतिम झुंज व्हायची होती, आणि अशा वेळी जुन्या चषकांवर मोहोर उठवणारा एक ठराव आपल्या दाराशी मंजूर झाला, याकडे आपल्या रसिकांचे लक्ष गेले नसेल तर त्यात नवल नाही. परंतु ब्राझीलमध्ये, आणि विशेषतः साओ पावलो शहरात, या ठरावात जे लिहिले होते त्यापेक्षा जे लिहिलेले नव्हते त्याचीच चर्चा अधिक झाली. यादी १९६० पासून सुरू होते. तेव्हा १९५१ साली रिओ व साओ पावलो येथे खेळली गेलेली आणि पाल्मेइरास क्लबाने जिंकलेली ‘कोपा रिओ’ ही स्पर्धा आता कायमची निकालात निघाली, असा अर्थ तिच्या विरोधकांनी लावला, आणि त्या क्लबाच्या पाठीराख्यांना तुमच्यापाशी जगज्जेतेपद नाही म्हणून भर मैदानात गाण्यातून डिवचण्याचा जो प्रघात तिथे पडून गेला आहे, त्याला आता कायद्याचा आधार मिळाला अशी त्यांची समजूत झाली.

या समजुतीचा समाचार घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विरोधकांचे म्हणणे चार कलमांत सांगता येते. स्पर्धा फिफाने भरवली नव्हती, हे पहिले. तीत आलेले सगळे क्लब आपापल्या देशांचे विजेते नव्हते, हे दुसरे. ती वस्तुतः युरोपीय क्लबांच्या उन्हाळी सुटीतली प्रेक्षणीय सामन्यांची मालिका होती, हे तिसरे. आणि दोन खंडांचे आठ क्लब म्हणजे काही जग नव्हे, हे चौथे. या चौथ्या कलमात तथ्य आहे, आणि ते कितपत आहे हे पुढे पाहू. पहिली तीन कलमे मात्र विरोधकांनी स्वतःच पुढे केलेल्या पुराव्याने ढासळतात.

प्रथम मूळ हकीकत. ही स्पर्धा १९५१ च्या जून महिन्याच्या ३० तारखेस सुरू होऊन जुलैच्या २२ तारखेस संपली. ब्राझीलच्या क्रीडा महासंघाने ती भरवली. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांचा तिला आशीर्वाद होता, आणि युरोपातील क्लबांशी बोलणी करण्यात इटालियन महासंघाचे ऑत्तोरिनो बारासी यांनी पुढाकार घेतला. महायुद्धाच्या काळात जर्मन सैन्याच्या हाती पडू नये म्हणून विश्वचषक पादत्राणांच्या खोक्यात घालून ज्यांनी आपल्या पलंगाखाली लपवला असे सांगतात, तेच हे गृहस्थ. रिओच्या माराकाना मैदानावर वास्को द गामा, मॉन्तेविदेओचा नासिओनाल, लिस्बनचा स्पोर्टिंग आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांचा एक गट खेळला. साओ पावलोच्या पाकाएम्बू मैदानावर पाल्मेइरास, युव्हेंटस, बेलग्रेडचा रेड स्टार आणि फ्रान्सचा नीस यांचा दुसरा. प्रत्येक गटातून दोघे उपांत्य फेरीत गेले, उपांत्य व अंतिम फेऱ्या दोन-दोन सामन्यांच्या झाल्या, आणि पाल्मेइरासने सात सामने खेळून चषक मिळवला.

आता फिफाच्या शिक्क्याचा प्रश्न. १९५१ साली क्लबांच्या जागतिक स्पर्धा भरवण्याची रीतच फिफाकडे नव्हती. स्पर्धांपुरते बोलायचे तर राष्ट्रांचे संघ एवढेच तिचे कार्यक्षेत्र होते, आणि क्लबांनी कोणाशी खेळावे हा ज्या-त्या देशाच्या महासंघाचा कारभार समजला जाई. क्लबांची पहिली जागतिक स्पर्धा फिफाने स्वतः भरवली ती २००० च्या जानेवारीत. तेव्हा १९५१ च्या स्पर्धेवर फिफाची मोहोर नाही असे म्हणणे म्हणजे त्या काळी जी मोहोर पाडण्यासाठी साचाच तयार नव्हता ती कुठे आहे असे विचारणे होय. १८५२ नंतर इनाम कमिशनाने दख्खनेत हेच केले: पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला ज्या काळी लेखी सनदेची गरज कोणास भासली नव्हती त्या काळची सनद मागितली, आणि ती निघाली नाही म्हणून जमीन सरकारजमा केली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत शोभत नाही.

बरे, हीच कसोटी सर्वांना सारखी लावली जाते काय? ज्या आंतरखंडीय चषकाला कलकत्त्यात सनद मिळाली, त्याच्याविषयी १९६१ साली खुद्द फिफाची भूमिका काय होती? हे सामने खासगी व मैत्रीपूर्ण समजून खेळायचे असतील तरच खेळावेत, अशी अट तिने घातली होती. युरोपचा महासंघ आणि दक्षिण अमेरिकेचा महासंघ यांनी परस्पर ठरवलेली ही झुंज फिफाला आपल्या अधिकारावरचे आक्रमण वाटत होती. म्हणजे ज्या स्पर्धेला फिफाने तिच्या हयातीत मैत्रीपूर्ण म्हटले ती आज अधिकृत, आणि ज्या स्पर्धेला फिफाच्या अध्यक्षाने तिच्या हयातीत आशीर्वाद दिला ती आज मैत्रीपूर्ण! पेलेच्या सान्तोसने १९६२ साली लिस्बनला जाऊन बेनफिकाला ५-२ असे हरवले तेव्हा तो संघ जगात श्रेष्ठ ठरला, याविषयी कोणाच्या मनात शंका राहिली नाही, आणि ती घालवण्यासाठी फिफाच्या झूरिकमधील कचेरीच्या फर्मानाची वाटही कोणी पाहिली नाही. फर्मान पंचावन्न वर्षांनी आले. मधल्या काळात, १९७४ पासून १९९८ पर्यंत चोवीस वर्षे, ज्वाव आवेलांज हे ब्राझिलियन गृहस्थच फिफाच्या गादीवर होते. त्यांनीही १९५१ च्या चषकावर शिक्का मारला नाही आणि १९६० नंतरच्या चषकांवरही मारला नाही. शिक्क्याशिवाय काही अडते आहे, ही जाणीवच फार अलीकडची आहे.

युरोपीय चषकाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. आज ज्या स्पर्धेचा डंका सर्वात मोठा, तिची कल्पना युरोपच्या महासंघाला सुचलेली नव्हती. ती पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडा-वृत्तपत्राच्या कचेरीत, गाब्रिएल आनो या संपादकाच्या लेखणीतून निघाली. पहिल्या वर्षाची, म्हणजे १९५५-५६ ची, नियमावली आणि सोळा क्लबांची निवड त्याच वृत्तपत्राच्या पुढाकाराने झाली, आणि महासंघाने ती स्पर्धा मागाहून आपल्या छत्राखाली घेतली. म्हणून रेआल माद्रिदचा १९५६ चा चषक वृत्तपत्राने भरवलेल्या जत्रेतला ठरवावा, असे सुचवण्याचे धाडस विरोधकांपैकी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

फिफाच्या दफ्तरातील या प्रकरणाची कागदपत्रे चाळली तर ज्या अधिकाराच्या बळावर विरोधक बोलतात तो किती डळमळीत आहे हे दिसून येते. २००७ च्या मार्च महिन्यात तेव्हाचे सरचिटणीस उर्स लिन्सी यांच्या सहीचा एक फॅक्स आला आणि त्यात पाल्मेइरासच्या विजयाला मान्यता मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेने हात आखडता घेतला. २०१४ च्या जून महिन्यात, विश्वचषकाच्या तोंडावर साओ पावलोतच भरलेल्या कार्यकारी समितीने, युरोपीय व दक्षिण अमेरिकन क्लबांची १९५१ ची ही स्पर्धा म्हणजे जागतिक स्वरूपाची पहिली क्लब स्पर्धा आणि पाल्मेइरास तिचा विजेता, असे मान्य केले. पुढे २०१७ साली १९६० नंतरच्यांना जगज्जेतेपद बहाल झाले आणि १९५१ ला ते शब्दशः मिळाले नाही. दहा वर्षांत एकाच प्रकरणी इतक्या वेळा फेरफार करणाऱ्या कचेरीचा शेवटचा कागद तेवढा प्रमाण आणि त्याआधीचे सगळे रद्दबातल, असे मानण्याचे कारण काय? २०१४ चा ठराव २०१७ च्या ठरावाने रद्द केलेला नाही. तो कायम आहे. विरोधक त्याचा उल्लेख टाळतात, एवढेच.

दुसरे कलम विजेतेपणाचे. मिलान हा १९५०-५१ चा इटालियन विजेता; त्याने लॅटिन चषकाला पसंती दिली, आणि त्याच्या जागी त्या वर्षी तिसरा आलेला युव्हेंटस ब्राझीलला गेला. ऑस्ट्रियात त्या वर्षीचे अजिंक्यपद रॅपिडकडे होते, पण आला तो ऑस्ट्रिया व्हिएन्ना. इंग्लंडचा कोणी आला नाही, अर्जेंटिनाचाही नाही. हे सर्व खरे आहे आणि ते लपवण्याचे प्रयोजन नाही. पण तिसरा आलेला युव्हेंटस म्हणजे कोणता युव्हेंटस? १९४९-५० चे इटालियन अजिंक्यपद त्याचे, १९५१-५२ चे अजिंक्यपदही त्याचेच, आणि या दोन अजिंक्यपदांच्या मध्ये एक वर्ष तो तिसरा होता. बोनिपेर्ती, पारोला, मुचिनेल्ली आणि योन हान्सन, कार्ल ओगे हान्सन व प्रेस्ट हे तीन डॅनिश खेळाडू ज्या संघात आहेत, तो संघ दुय्यम म्हणून हिणवायचा, तर मग प्रथम श्रेणीचा म्हणायचा कोणाला? ऑस्ट्रिया व्हिएन्नाने त्याआधीची दोन अजिंक्यपदे सलग जिंकली होती आणि ओट्सविर्कसारखा मध्यरक्षक त्या संघात होता. रेड स्टारकडे युगोस्लाव्हियाचा चषक होता आणि त्याच वर्षाचे अजिंक्यपदही अखेर त्याच्याकडे गेले. नीस फ्रान्सचा, स्पोर्टिंग पोर्तुगालचा, नासिओनाल उरुग्वेचा विजेता. वास्को रिओ शहराचा आणि पाल्मेइरास साओ पावलो प्रांताचा, कारण ब्राझीलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद अशी वस्तू तेव्हा अस्तित्वात नव्हती.

आणि पुन्हा तोच प्रश्न: ही कसोटी सर्वांना लावायची की एकट्या पाल्मेइरासला? पहिल्या युरोपीय चषकात स्कॉटलंडतर्फे खेळलेला हायबर्नियन आपल्या देशात पाचवा आला होता, आणि इंग्लंडचा विजेता चेल्सी आपल्या लीगच्या दडपणाखाली बाहेर राहिला. कलकत्त्यात सनद मिळालेल्या आंतरखंडीय चषकाची तऱ्हा तर विचारूच नये. १९७४ सालचा युरोपीय विजेता बायर्न म्युनिकने दक्षिण अमेरिकेला जाण्याचे नाकारले. त्याच्या जागी युरोपात दुसरा आलेला आतलेतिको माद्रिद गेला, इंदिपेंदिएन्तेविरुद्ध पहिला सामना हरला, दुसरा जिंकला, चषक घेऊन आला, आणि आज फिफाच्या लेखी तो जगज्जेता आहे. आपल्या खंडाचा अजिंक्य नसलेला क्लब जगाचा अजिंक्य! १९७१ व १९७३ साली आयक्सने, १९७७ साली लिव्हरपूलने, १९७९ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टने बायर्नसारखाच नकार दिला, आणि १९७५ व १९७८ साली तर चषक झालाच नाही. यातला १९७३ चा प्रकार आमच्या विषयाला विशेष लागू आहे, कारण आयक्सच्या जागी त्या वर्षी रोममध्ये इंदिपेंदिएन्तेशी जो खेळला तो युव्हेंटसच होता. तोच युव्हेंटस, तसाच बदली म्हणून, आणि तरी त्या सामन्याच्या विजेत्याचे जगज्जेतेपद कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही!

आता तिसरे कलम, आणि खरे पाहता सर्व आक्षेपांचे मूळ इथेच आहे. ज्यांनी त्या दिवसांची नोंद बारकाईने पाहिलेली नाही त्यांना ही स्पर्धा सहलीसारखी वाटते. परंतु १९५१ च्या जुलै महिन्यात माराकानाच्या पायऱ्यांवर जे लोक बसले होते ते कोणत्या मनःस्थितीत बसले होते? बरोबर एक वर्षापूर्वी, १९५० च्या जुलैच्या १६ तारखेस, याच मैदानावर, नुसत्या बरोबरीने विश्वचषक मिळणार असताना, ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला होता. तिकीट काढून आलेलेच १ लाख ७३ हजारांहून अधिक लोक त्या दिवशी तिथे होते. त्या पराभूत संघाला वास्को द गामाने बार्बोझा, ऑगुस्तो, दानिलो, आदेमीर आणि शिको दिले होते. त्याच संघातले जुव्हेनाल आणि जाइर हे १९५१ साली पाल्मेइरासच्या पोशाखात होते. ज्या गोलरक्षक बार्बोझाला उरुग्वेच्या त्या निर्णायक गोलाची शिक्षा म्हणून पुढे आयुष्यभर लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या, त्याच्या क्लबाची गाठ आता पुन्हा उरुग्वेच्या विजेत्या क्लबाशी, पुन्हा त्याच मैदानावर पडणार होती. वास्कोने नासिओनालला २-१ हरवले, हा आकडा रिओतल्या माणसाने मैत्रीपूर्ण भावनेने वाचला असेल, असे मानायला फार मोठी कल्पनाशक्ती लागते.

पाल्मेइरासच्या बाबतीत तर मामला आणखी खोल जातो. हा क्लब १९१४ साली साओ पावलोत स्थायिक झालेल्या इटालियनांनी स्थापन केला, आणि त्याचे नाव होते पालेस्त्रा इतालिया. १९४२ साली ब्राझील इटलीविरुद्ध युद्धात उतरला. शत्रुराष्ट्राचे नाव धारण करणाऱ्या संस्थांवर सरकारी आणि लोकांच्या संशयाचे सावट पडले. मार्च महिन्यात नावातले ‘इतालिया’ गेले, सप्टेंबरात ‘पालेस्त्रा’ही गेले. त्या महिन्याच्या २० तारखेस पाल्मेइरास या नव्या नावाने पहिला सामना झाला, तो साओ पावलो फुटबॉल क्लबाशी. संघ मैदानात उतरला तेव्हा खेळाडूंनी ब्राझीलचा ध्वज पसरून धरला होता, आणि आदाल्बेर्तो मेंदेस नावाचा ब्राझिलियन सैन्याचा एक कप्तान त्यांच्या पुढे चालत होता. आपण परके नाही हे सिद्ध करण्यासाठी एखाद्या खेळसंस्थेला लष्करी गणवेशाचा आडोसा घ्यावा लागावा, ही गोष्ट त्या काळाच्या अंगावरचा डाग आहे. पाल्मेइरास ३-१ असा पुढे असता एका पेनल्टीच्या वादातून प्रतिपक्षाने मैदान सोडले. त्या सामन्यात लीमा नावाचा खेळाडू होता. नऊ वर्षांनी, माराकानावर, इटलीच्या सर्वात प्रतिष्ठित क्लबाविरुद्ध अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांतही लीमा होता. ज्यांच्या आजी-आजोबांची घरे इटलीत होती, ज्यांना काल इटालियन म्हणून हिणवले गेले, त्या लोकांच्या क्लबाने आज ब्राझीलच्या नावाने इटालियनांना हरवणे, याचा अर्थ त्या शहरातील प्रत्येक इटालियन वंशाच्या कुटुंबाला कळत होता. सुटीतल्या प्रेक्षणीय सामन्यात हे ओझे कोणी वाहत नाही.

सामन्यांचा क्रमही पाहावा. यजमानांच्या सोयीने मांडलेला हा खेळ होता, असे म्हणणाऱ्यांनी गटातला शेवटचा सामना लक्षात घ्यावा: पाकाएम्बूवर, म्हणजे पाल्मेइरासच्याच शहरात, युव्हेंटसने त्यांना ४-० असे झोडपले. घरच्यांना असे झोडपून घेण्यासाठी कोणी स्पर्धा भरवत नाही. या पराभवानंतर पाल्मेइरासने जे केले त्यावरून त्यांनी ही स्पर्धा किती मनावर घेतली होती याचा अंदाज येतो. ओबेर्दान कात्तानी हा गोलरक्षक क्लबाचे दैवत होता, पालेस्त्राच्या दिवसांपासूनचा, १९४२ च्या त्या सामन्यातही उभा राहिलेला. त्याला बाजूला करून फाबिओ क्रिप्पा या त्या मानाने अप्रसिद्ध माणसाला गोलात उभे करण्यात आले. दैवताला देव्हाऱ्यातून उठवायचे तर कारण तसेच मोठे असावे लागते. उपांत्य फेरीत समोर वास्को आला, ज्याने स्पोर्टिंगला ५-१, ऑस्ट्रिया व्हिएन्नाला ५-१ असे लोळवले होते, तीन सामन्यांत बारा गोल केले होते, आणि जो आता आपल्याच शहरात खेळत होता. रिओतल्या सर्व जाणकारांचा कौल अर्थातच त्याच्या बाजूने होता. पाल्मेइरासने पहिला सामना २-१ जिंकला, दुसऱ्यात शून्य-शून्य बरोबरी राखली. क्रिप्पाने दोन सामन्यांत एकच गोल होऊ दिला.

तिकडे युव्हेंटसने ऑस्ट्रिया व्हिएन्नाशी ३-३ बरोबरी केल्यावर दुसरा सामना ३-१ घेतला. अंतिम फेरीचे दोन्ही सामने माराकानावर झाले. १८ तारखेस रोद्रिगेसच्या एकमेव गोलावर पाल्मेइरास १-० जिंकला. २२ तारखेस सुमारे एक लाख लोक आले, आणि त्यांतले बहुसंख्य रिओचे, म्हणजे एरवी साओ पावलोच्या क्लबाचे वाईट चिंतणारे. त्या दिवशी मात्र ते पाल्मेइरासच्या बाजूने ओरडत होते. प्रेस्टने युव्हेंटसला पुढे नेले, रोद्रिगेसने बरोबरी केली. बोनिपेर्तीने पुन्हा पुढे नेले, आणि लिमिन्याने पुन्हा बरोबरी केली. त्या २-२ ने चषकाचा फैसला झाला. बोनिपेर्ती सहा गोलांसह स्पर्धेत सर्वांच्या पुढे राहिला, तरी त्याला रिकाम्या हातांनी तुरीनला परतावे लागले. दोनदा मागे पडून दोनदा उभे राहणे हे वर्षभरापूर्वी याच मैदानावर ब्राझीलला साधले नव्हते.

याच्याशी ताडून पाहण्यासाठी, ज्यांना सनद आहे त्यांतला एक सामना घेऊ: १९६९ चा, ब्यूनस आयर्सच्या बोम्बोनेरा मैदानावरचा, एस्तुदिआन्तेस विरुद्ध मिलान. मिलानकडून खेळणाऱ्या नेस्तोर कोम्बिनचे, जो मूळचा अर्जेंटिनाचा, तोंड त्या दिवशी फोडण्यात आले, आणि रक्ताने माखलेल्या अवस्थेत त्याला लष्करी सेवा चुकवल्याच्या आरोपावरून अटकही झाली. यजमान संघातले काही खेळाडू पुढे तुरुंगात गेले. तो सामना निःसंशय मैत्रीपूर्ण नव्हता, एवढे आम्ही मान्य करतो.

चौथ्या कलमापाशी मात्र आम्ही थांबतो. दोन खंडांना जग म्हणण्याची जी सवय त्या काळच्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांना होती ती आपल्यासारख्या आशियातील वाचकाला खटकावी, हे रास्तच आहे. त्याच १९५१ सालच्या मार्च महिन्यात दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, सहा देशांचे संघ फुटबॉलसाठी आले, आणि मेवालालच्या गोलावर भारताने इराणला हरवून सुवर्णपदक घेतले. रिओच्या निमंत्रणांच्या यादीत या भागातला एकही क्लब असण्याची शक्यता कोणाच्या मनातही आली नसावी. पण या न्यूनाचा दोष १९५१ च्या माथी मारून १९६० नंतरच्यांना मोकळे कसे सोडता येईल? आंतरखंडीय चषकात तर आठही नव्हते, दोनच क्लब होते, आणि तेही त्याच दोन खंडांचे. अपुरेपणाच मोजायचा झाला तर तेरा संघांच्या १९५० च्या विश्वचषकालाही तो लागू पडतो, जिथे अर्जेंटिना नव्हता, आणि निमंत्रण असूनही आपला भारत नव्हता. म्हणून उरुग्वेचे जगज्जेतेपद कोणी अर्धे मानीत नाही.

पाल्मेइरासच्या कैवाऱ्यांशीही आमचे सर्वस्वी पटते असे नाही. झूरिकच्या कचेरीकडे अर्जांमागून अर्ज करीत, एका फॅक्सने हुरळून जायचे आणि पुढच्या खुलाशाने खचायचे, हा जो उद्योग त्यांनी वर्षानुवर्षे चालवला, त्याने त्यांच्याच बाजूचे नुकसान झाले, कारण निवाडा कोणी करायचा हा मुद्दाच त्यांनी त्या कचेरीला आंदण देऊन टाकला. शिवाय १९५१ च्या नावाने १९५२ चे आणि १९५३ चेही वजन वाढवण्याचा मोह काहींना होतो, तोही आवरला पाहिजे. १९५२ साली फ्लुमिनेन्सेने चषक घेतला तो कोरिन्थियन्सला हरवून, म्हणजे अंतिम सामना दोन ब्राझिलियन क्लबांतच झाला. १९५३ साली नाव बदललेल्या स्पर्धेत आठांपैकी पाच क्लब ब्राझीलचे होते आणि बाहेरून आले ते हायबर्नियन, स्पोर्टिंग आणि पाराग्वेचा ओलिम्पिया एवढेच. स्पर्धा तिथे संपली. दोनच वर्षांनी युरोपच्या क्लबांना आठवड्याच्या मधल्या रात्री दिव्यांच्या उजेडात खेळण्याजोगी घरचीच स्पर्धा मिळाली, आणि अटलांटिक ओलांडून महिनाभर राहण्याचे त्यांना कारण उरले नाही. अल्पायुषी ठरली म्हणून ती खोटी होती, हा तर्क चालायचा नाही; १९२० च्या दशकातल्या ऑलिम्पिक फुटबॉलचे महत्त्वही विश्वचषक आल्यावर ओसरले, पण उरुग्वेने १९२४ व १९२८ साली जिंकलेली सुवर्णपदके त्यामुळे पितळेची झाली नाहीत.

राहता राहिला साओ पावलोच्या मैदानांवरील त्या गाण्याचा प्रश्न. विरोधकांची कसोटी एकदा सरळ आणि सर्वांना सारखी लावून पाहू: स्पर्धा फिफाने भरवलेली हवी, आणि खेळणारा क्लब आपल्या खंडाचा विजेता हवा. पहिल्या अटीने १९५१ जाते, आणि कलकत्त्याचा ठराव काहीही म्हणो, १९६० ते २००४ चे सर्व चषकही जातात, सान्तोसचे दोन, साओ पावलोचे दोन, फ्लामेंगोचा, ग्रेमिओचा, सगळेच. उरते २००० ची स्पर्धा, जी साओ पावलो शहरातल्याच कोरिन्थियन्सने माराकानावर वास्कोला पेनल्टींवर हरवून जिंकली. पण दुसरी अट लावताच तीही जाते, कारण कोरिन्थियन्स तेव्हा दक्षिण अमेरिकेचा विजेता नव्हता. यजमान देशाचा अजिंक्य म्हणून त्याला आत घेण्यात आले होते, आणि १९९९ चा दक्षिण अमेरिकेचा खरा विजेता बाहेर बसून सामने पाहत होता. तो क्लब पाल्मेइरास. कसोटीतून ब्राझीलच्या पदरी मग पडतात २००५ चा साओ पावलो, २००६ चा इंतेरनासिओनाल आणि २०१२ चा कोरिन्थियन्स. त्या शहरात कोणाकडे किती जगज्जेतेपदे आहेत याचा हिशेब मग नव्याने मांडावा लागेल, आणि कोरिन्थियन्सच्या दोनांतले एक कोणी वजा करायचे हे प्रथम त्याच्या पाठीराख्यांनीच ठरवावे.